स्वयंचलित गिअर घाटात खाली का उतरत नाही?



या स्मरणिकेत धान्याच्या व्यापाराविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदा मात्र ज्वारी, सोयाबीन आणि मालाची साठवण हे नित्याचे विषय बाजूस ठेवून आम्ही मोटारीविषयी लिहावयास बसलो आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि आयुष्य गेले ते धान्याच्या पेढीवर. तेव्हा यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु एका जुन्या मोटारीतील लहानशा बिघाडाने आम्हांस जो धडा दिला, तो सभासदांच्या उपयोगी पडेल असे वाटते. क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आता सदलगा-निपाणी भागातही अनेकांच्या दारी उभ्या आहेत. त्या चालविणारे बहुतेक वडीलधारे आमच्यासारखे हाताने गिअर टाकावयास शिकलेले. घाटात अशा गाडीकडे बळ कसे मागावे, आणि मागूनही ते मिळाले नाही तर दोष कोठे शोधावा, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असलेले बरे.

तवंदीच्या घाटात

आमचे कोल्हापूरचे व्याही जुन्या मोटारींचे मोठे शौकीन. १९७० नंतरच्या दशकातील, जर्मन बनावटीची, दोन आसनांची एक धावरी गाडी त्यांनी हौसेने घेतली. बाहेरून रंग दिला, आतील बैठक आणि जाजम नवे करविले, आणि नवरीसारखी सजविली. उसाच्या गळीत हंगामात एका नातलगाकडील साखरपुड्यासाठी आम्ही दोघे त्या गाडीतून बेळगावास निघालो. निपाणी मागे पडली आणि तवंदीचा घाट सुरू झाला. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढीत एक ट्रॅक्टर चढत होता. व्याह्यांनी गाडी उजव्या पट्ट्यात घेतली आणि पुढे काढण्यासाठी पेडल तळापर्यंत दाबले.

अशा वेळी या गाडीने क्षणार्धात खालच्या गिअरवर येऊन उसळी घ्यावयाची असते. ती आली नाही. वरच्याच गिअरमध्ये ती कण्हत राहिली, आणि चढ वाढला तसा वेग उतरू लागला. डाव्या अंगास उसाची ट्रॉली, आणि मागून एक प्रवासी बस दिवे उघडझाप करीत, हॉर्न वाजवीत अंगावर येत होती. पुढे जाता येईना, मागे सरता येईना. अखेर व्याह्यांनी गिअरचा दांडा हाताने मागे ओढला, तेव्हा गाडी खालच्या गिअरवर आली आणि आम्ही निसटलो. वर स्तवनिधीपाशी गाडी थांबविली, तेव्हा बराच वेळ दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

पुढे एका गॅरेजमध्ये गाडी दाखविली. त्यांनी फेरी मारून सांगितले की गिअरबॉक्स गेला, तो उतरवून खोलावा लागेल आणि सुटे भाग परदेशातून मागवावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकून व्याही गाडी विकण्याची भाषा बोलू लागले. आम्ही त्यांस म्हणालो, "पाव्हणं, तूट दिसली म्हणून कोणी गोदाम पाडत नाही. आधी काटा तपासू या." त्यानंतर चार रात्री गाडीची पुस्तिका समोर ठेवून आम्ही जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

पायाने मागितलेला गिअर

आमच्या पिढीचा हात अँबॅसॅडर आणि फियाटवर बसला. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचा गिअरदांडा चाकाच्या खांबावर असे. चढ आला, इंजिन दम खाऊ लागले की क्लच दाबून आपण तिसरा किंवा दुसरा टाकीत होतो. निर्णय आपला, आणि हातही आपला.

स्वयंचलित गाडीत हा निर्णय यंत्राकडे गेला. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने १९४० च्या आपल्या गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा असा गिअरबॉक्स विक्रीस आणला. धावऱ्या गाड्यांस तो शोभत नाही असा पुष्कळांचा समज आहे. परंतु १९५३ साली निघालेल्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पहिल्या सर्व गाड्या स्वयंचलितच होत्या. इंग्लंडात जॅग्वार ई-टाईपच्या चार आसनी प्रकारात १९६६ पासून आणि एम.जी.बी. गाडीत १९६७ पासून असा गिअरबॉक्स मागून मिळत असे. जर्मनीच्या मर्सिडीज एस.एल. गाड्यांतही तो सर्रास दिसतो.

आता हे यंत्र निर्णय कसा घेते? व्यापाऱ्यास हे समजावयास कठीण जाऊ नये, कारण आत एक तराजूच आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये सारा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. गाडीचा वेग वाढला की गव्हर्नर नावाचा भाग एका बाजूस दाब वाढवितो. हे झाले वेगाचे पारडे. पेडल जितके दाबावे, इंजिनावर जितका भार पडावा, तितका दुसऱ्या बाजूस दाब वाढतो; हे झाले भाराचे पारडे. दोहोंच्या मध्ये सरकणारी एक झडप असते. वेगाचे पारडे जड झाले की झडप सरकते आणि वरचा गिअर पडतो. भाराचे पारडे जड झाले की खालचा.

परंतु पुढे काढताना किंवा चढावर चालकास तात्काळ बळ हवे असते. तराजू सावकाश झुकेपर्यंत थांबण्यास त्यास सवड नसते. यासाठी पेडल पूर्ण दाबून, त्याहीपुढे किंचित जोर दिला की भाराच्या पारड्यात एकदम जास्तीचे वजन पडते आणि खालचा गिअर सक्तीने येतो. यास किकडाऊन म्हणतात. आपल्या भागात काटा मारणे ही शिवी आहे. मोटारीच्या तराजूत मात्र एवढा एकच काटा मारणे न्यायाचे समजले आहे.

हे जास्तीचे वजन टाकण्याच्या दोन रीती आहेत. एम.जी.बी. मध्ये बसविलेल्या बॉर्ग-वॉर्नरच्या गिअरबॉक्समध्ये कार्ब्युरेटरपासून निघालेली एक केबल हे काम करते. मर्सिडीज एस.एल. सारख्या गाड्यांत पेडलखाली एक विजेचे बटण असते. ते दाबले गेले की गिअरबॉक्सवरील सोलेनॉईड, म्हणजे विजेने चालणारी लहान झडप, उघडते. आपल्या गाडीत कोणती रीत आहे हे प्रथम पुस्तिकेत पाहावे. ते न पाहता शोध घेणे म्हणजे मण आणि क्विंटल यांची गल्लत करून हिशेब मांडणे होय.

दोष शोधण्याचा क्रम

वजनात तूट आली की अनुभवी दिवाणजी पहिला प्रश्न विचारतो, "कधीपासून?" मोटारीसही तोच प्रश्न विचारावा. बिघाडाच्या थोडे आधी गाडीत काय बदलले, कोणी कोठे हात घातला, हे आठवून कागदावर लिहावे. हा प्रश्न आमच्या व्याह्यांस गॅरेजमध्ये कोणी विचारला नव्हता आणि आम्हीही तो प्रथम विचारला नाही. त्याची शिक्षा पुढे सांगणारच आहोत.

दुसरे असे की, बिघाड खरोखर आहे काय हे ठरवावे. वेग फार असेल तर किकडाऊन होत नाही आणि होऊही नये. कारण त्या वेगास खालचा गिअर पडला तर इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील. ही मर्यादा प्रत्येक गाडीची निराळी असते आणि पुस्तिकेत दिलेली असते. तसेच गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये असेल तर आणखी काय उतरणार? म्हणून चाचणी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मध्यम वेगात, वरचा गिअर पडल्याची खात्री करून घ्यावी. इंजिनाची रेस नुसतीच चढते आणि गाडी ओढत नाही असे दिसले, तर तो रोग वेगळा. आतील क्लच किंवा पट्टे घसरत आहेत असे समजून गाडी पुढे दामटू नये. आमच्या गाडीत रेस चढत नव्हती, ती वरच्या गिअरमध्ये दबून राहत होती. एवढ्यावरूनच गिअरबॉक्स घसरत नाही हे कळण्यासारखे होते.

तिसरे, गिअरबॉक्सचे तेल. बहुतेक जुन्या गाड्यांत ते सपाट जागी, गाडी पुरेशी चालवून तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून पट्टीवर पाहावयाचे असते. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो आणि दाब ढळतो. ते काळपट झाले असेल, जळका वास येत असेल, तर आतील झीज समजावी. तेलाचे प्रकार अनेक आहेत. पुस्तिकेत लिहिलेलेच भरावे, दुकानात जे मिळेल ते नव्हे.

चौथे, पेडल. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहावे. हवेची झडप शेवटच्या थांब्यापर्यंत उघडली पाहिजे. मधले दांडे वाकले असतील, त्यांच्या टोकांचे रबर झिजले असेल, तर पाय पूर्ण दाबूनही इंजिनास निरोप अर्धाच पोहोचतो.

पाचवे, केबलची गाडी असल्यास केबल. ती सैल झाली, गंजून अडकली किंवा कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीत तिची जागा बदलली, की किकडाऊन उशिरा होतो किंवा होतच नाही. परंतु तिचे माप मनाने बदलू नये. केबल ढिली राहिली तर आतील दाब कमी पडून क्लच घसरू व जळू शकतात. पुस्तिकेतील मापाप्रमाणे, आणि शक्य तर दाबाचे गेज लावूनच ती बसवावी.

सहावे, विजेची गाडी असल्यास सोलेनॉईडची 'टिक'. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा, चाकांस लाकडी ठोकळे लावावेत, दांडा पार्कमध्ये ठेवावा. इंजिन बंदच ठेवून फक्त चावी फिरवावी. एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने गिअरबॉक्सच्या बाजूस कान द्यावा. 'टिक' असा आवाज आला तर वीज तेथवर पोहोचते. न आल्यास फ्यूज पाहावा. जुन्या जर्मन गाड्यांतील फ्यूज शाबूत दिसला तरी त्याच्या टोकांवर गंज चढून वीज अडते. तो काढून टोके स्वच्छ करावीत. मग टेस्ट लॅम्प घेऊन बटणापर्यंत वीज येते काय, बटण दाबल्यावर पुढे जाते काय, आणि सोलेनॉईडच्या तारेवर दिवा लागतो काय, असे पायरीपायरीने जावे. तेथे दिवा लागला आणि तरीही टिक नाही, तर दोष सोलेनॉईडचा.

सातवे, हवेची नळी. अनेक गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर चालणारा मॉड्युलेटर नावाचा डबा भाराचा निरोप गिअरबॉक्सला देतो. त्याची रबरी नळी फुटली तर गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात. डब्यातील पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढून घेते; मागील नळीतून पांढरा धूर येतो आणि खाली थेंबही न गळता तेल कमी होत राहते. नळी स्वस्त, पण दुर्लक्ष महाग.

एवढे सर्व नीट असूनही गिअर उतरत नसेल, तरच दोष आतील झडपांत, गव्हर्नरमध्ये किंवा पट्ट्यांत आहे असे मानावे. तेव्हाही गेज लावून तेलाचा दाब मोजल्याशिवाय गिअरबॉक्स खोलू देऊ नये. नमुना पाहिल्यावाचून आपण पोते तरी घेतो काय?

आमच्या गाडीचे निदान

एका रविवारी सकाळी निपाणीच्या एका तरुण वायरमनला बोलावून आम्ही हा क्रम सुरू केला. तेल लाल, स्वच्छ आणि पुरेसे. हवेची झडप जवळजवळ पूर्ण उघडत होती. त्या 'जवळजवळ'कडे आम्ही लक्ष दिले नाही. चावी फिरवून नातवास पेडल दाबावयास सांगितले. टिक नाही. फ्यूज काढून टोके घासली. टिक नाही. वायरमन म्हणाला, "काका, बटण गेलं असणार." नवे बटण कोठे मिळेल याची चर्चा सुरू झाली. तेवढ्यात त्याने पेडलखाली हात घालून ते बटण अंगठ्याने दाबले, आणि खालून स्वच्छ आवाज आला, टिक!

बटण चांगले, तार चांगली, सोलेनॉईड चांगला. मग उरले काय? पेडल आणि बटण यांच्यामधले बोटभर अंतर. आम्ही जाजम उचलले. नव्या बैठकीच्या वेळी जाड नमद्यावर रबरी जाजम आणि त्यावर काथ्याची चटई असे तीन थर तेथे घातले होते. पेडल त्यांवर टेकत होते. इंजिनास निरोप बहुतेक पोहोचत होता, बटणास मात्र पोहोचत नव्हता. तिन्ही थर काढले, नातवाने पुन्हा पेडल दाबले, आणि टिक आली. सारे मोठ्याने हसले, पण व्याही हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, ही चटई मीच हौसेनं घातली होती." 'कधीपासून' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता, तर बिघाड नव्या बैठकीनंतरचा आहे हे त्याच क्षणी कळले असते.

धान्य तोलण्यापूर्वी आपण रिकाम्या काट्याचा धडा पाहतो. पारड्याखाली एक खडा अडकला तरी दिवसभराची तोल खोटी पडते, आणि त्यात ना काट्याचा दोष, ना धान्याचा. त्या दिवशी घाटात आमच्या जिवाची तोल अशाच एका चटईने खोटी केली होती. त्याच संध्याकाळी आम्ही तवंदीचा घाट पुन्हा चढलो. रस्ता मोकळा पाहून व्याह्यांनी पेडल दाबले; गाडीने खालचा गिअर घेतला आणि आम्हांस पाठीमागे रेटले. गॅरेजने सांगितलेल्या खर्चापैकी एक रुपयाही लागला नाही. वायरमनने तर चहाखेरीज काही घेतले नाही.

नव्या गाडीवाल्यांसाठी

आजच्या गाड्यांत हा तराजू संगणकाच्या हाती गेला आहे. पेडलचा निरोप बहुधा विजेच्या संवेदकामार्फत जातो, आणि बिघाड झाल्यास यंत्र जोडून त्याचा सांकेतिक क्रमांक वाचता येतो. तथापि पाय आणि पेडल हे जुनेच राहिले आहेत. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून सर्वसामान्यांच्या गाड्यांत आलेला ए.एम.टी. हा प्रकार तर मुळात हाताचाच गिअरबॉक्स असून क्लच आणि गिअर यंत्र हलविते. त्यात पेडल दाबल्यावर गिअर उतरताना क्षणभर ओढ थांबते. म्हणून घाटात पुढे काढण्यापूर्वीच दांडा मॅन्युअलकडे नेऊन खालचा गिअर घ्यावा, ऐनवेळी यंत्रावर विसंबू नये.

आणि चटईविषयी शेवटचे. ती पेडलखाली आली तर किकडाऊन अडतो, आणि पेडलवर चढली तर त्याहून भयंकर, पेडल दाबलेलेच राहू शकते. २००९ साली टोयोटा कंपनीने अमेरिकेत याच कारणास्तव सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत सूचना काढून, चालकाच्या पायाखालील सुट्या चटया काढून ठेवण्यास मालकांना सांगितले होते. तेव्हा गाडीच्या मापाची, आकड्यात अडकणारी एकच चटई वापरावी. एकीवर दुसरी कधीही घालू नये. हा लेख वाचून झाल्यावर दारातील गाडीजवळ जाऊन, इंजिन बंद ठेवून, एकदा पेडल तळापर्यंत दाबून पाहावे. ते चटईवर टेकते की आपल्या जागी पोहोचते, एवढे डोळ्यांनी पाहावे.

व्याह्यांची गाडी अद्याप त्यांच्याकडेच आहे. ती काथ्याची चटई मात्र आता आमच्या गोदामाच्या उंबऱ्यावर पडलेली असते, आणि काटा लावण्यापूर्वी तिच्यावर पाय पुसताना आम्हांस रोज धडा पाहण्याची आठवण होते.